देवापुढचं काडतूस

११ जून १९७८, रविवार

आमच्या लेकीची, नीलिमाची, महाराष्ट्राच्या नेमबाजी संघात निवड झाली! साठ गोळ्या, सहाशेपैकी पाचशे एक्क्याऐंशी. ऑक्टोबरात दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धा. रेंजवर नाव पुकारलं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने टाळी वाजवली की शेजारचे गृहस्थ दचकून बाजूला सरकले. सरकू देत.

रायफल माझी. बासष्टच्या लढाईनंतर कंपनीने कामगारांसाठी रायफल क्लब काढला तेव्हा मी पहिल्या दहा जणांत होतो, आणि परवानाही तेव्हाचाच. आता परवाना माझा आणि नेम तिचा, अशी आमची वाटणी आहे. कायद्याने रायफल जिथे जाईल तिथे परवानेदाराने जायला हवं, म्हणजे दिल्लीला मीही जाणार. हे मी घरी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मृदुला म्हणाली, "अहो, कळलं. निवड कुणाची झालीय पण?"

संध्याकाळी सयाजी पेढे घेऊन आला. टूलरूममधला आमचा जुना फिटर, चऱ्होलीचा. क्लबात आम्ही एकाच दिवशी नाव घातलं होतं. मी नीलिमाला सांगितलं की सहासष्ट साली माझीही अशीच निवड झाली होती, पण कंपनीने रजा नाकारली म्हणून जाता आलं नाही. सयाजीने पेढा तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसला. तो पेढा त्याला बराच वेळ पुरला.

नीलिमाने स्पर्धेचे कसले कसले कागद पुढे केले. चार ठिकाणी सह्या ठोकल्या, एकही न वाचता. इन्स्पेक्शनमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने न वाचता सही करायची, ही आयुष्यातली पहिलीच वेळ. आनंद झाला की माणूस असा सैल होतो.

१९ जुलै, बुधवार

आज गंमतच झाली. पहिल्या शिफ्टहून येऊन टेकतो न टेकतो तोच दारात एक गृहस्थ. साधा पांढरा शर्ट, पायात मात्र तपकिरी बूट, करकरीत पॉलिश केलेले. "नीलिमा अनंत लिमये इथंच राहतात का? थोडी चौकशी करायची होती."

मी लगेच ओळखलं. मृदुलाच्या बहिणीने, इंदुताईंनी, नाशिकचं एक स्थळ सुचवलंय. त्यांनी परस्पर माणूस पाठवला असणार. मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनी डायरीच काढली. मुलगी तापट आहे का? घरात भांडणं होतात का? शेजाऱ्यांशी कसं आहे? कधी कुणाला मारहाण, धमकी? डोक्यावर काही परिणाम वगैरे?

हल्लीचे वरपक्ष म्हणजे कमाल आहे. पण मी शांतपणे उत्तरं दिली. म्हणालो, "अतिशय शांत मुलगी. हात स्थिर, डोळा स्थिर. श्वास धरून दहा सेकंद पडून राहिली तर जिवंत आहे की नाही ते कळणार नाही." त्यांनी तेही लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "मुलीचं कौतुक आहे साहेब. माझ्याकडून काही अडचण नाही." हुंड्याचं नावसुद्धा काढलं नाही.

नीलिमा कॉलेजातून आल्यावर तिला सांगितलं. तिला हसू आवरेना. "मग? पसंत पडले का मी त्यांना?" म्हणाली. मुलगी लग्नाला तयार आहे असं दिसतंय. मृदुला मात्र स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. रडत असावी बिचारी, मुलगी जाणार म्हणून.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. सयाजीने रायफलसाठी सागवानी पेटी करून आणली. आत हिरवं बनातीचं कापड, नळीला खाच वेगळी, बोल्टला कप्पा वेगळा. दस्त्याचा गालाकडचा भागही त्याने नीलिमाच्या मापाने घासून दिलाय. कानशीने, हातानं, मोजमाप न घेता. मी मायक्रोमीटर काढला तर म्हणाला, "र्‍हाऊ द्या अनंतराव. पोरीच्या गालाला इचारा."

नीलिमाने गाल टेकला, डोळा मिटला, उघडला. "काका, ही आता माझीच झाली," म्हणाली. बरोबरच आहे म्हणा. पण ऐकून मला थोडं कसंसंच वाटलं.

क्लबचे अध्यक्ष नानासाहेब, म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, त्यांनी खास ठेवलेल्या परदेशी काडतुसांचे चार डबे नीलिमाच्या नावाने काढून दिले. पन्नास-पन्नासचे चार, दोनशे काडतुसं. निवडीला वापरलेलीही यातलीच; पुन्हा अशी कधी मिळतील ते त्यांनाही माहीत नाही. पहिल्या सहांत आली तर भारताच्या शिबिरात जाईल, नाहीतर क्लबच्या साध्या काडतुसांवर पुढच्या वर्षी पाचशे साठसुद्धा पडणार नाहीत. म्हणजे जे काय आहे ते हेच. मी रोज संध्याकाळी काडतुसं मोजतो. दोनशेच भरतात.

४ ऑक्टोबर, बुधवार

तार आली. स्पर्धा अलीकडे आणली आहे. बारा तारखेला सकाळी नऊला दिल्लीत हजर. आमचं रेल्वेचं आरक्षण तेराचं!

नऊ तारखेला नीलिमाची प्रॅक्टिकल. म्हणजे दहा तारखेला गाडी धरली तरच बाराच्या सकाळी पोचणार. मी वस्तुस्थिती सर्वांपुढे मांडली. दहाला खंडेनवमी आहे. त्या दिवशी हत्यार पुजलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत आहे. कारखान्यातली मशीनंसुद्धा त्या दिवशी बंद असतात. तिथे रायफल कशी उचलायची? मला वाईट वाटतंय, पण इलाज नाही, असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर असं म्हणताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. का, ते कळलं नाही. नीलिमा माझ्याकडे बघत राहिली फक्त.

मग नानासाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिमये, रीत मोडायची नाही, बरोबर. मग दसऱ्याला पूजा करा आणि विमानाने जा. दोघांची तिकिटं क्लब काढेल. दसऱ्याला हत्यार घेऊन शीव ओलांडायची, याहून चांगला मुहूर्त कुठला?"

विमान! लिमये घराण्यात आजवर कुणी विमानात बसलेलं नाही. घरी येऊन सांगितलं तर नीलिमाने माझ्या गळ्यातच उडी टाकली. मीही खूप हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

रजा टाकून स्कूटरवर लोहगावच्या विमानतळावर जाऊन आलो. नियम समजून घेतले. रायफल हातात न्यायची नाही, सामानात द्यायची. आधी जाहीर करायची, परवाना दाखवायचा. बोल्ट काढलेला, नळी रिकामी, पेटीला कुलूप. काडतुसं वेगळ्या डब्यात, मोजून, आकडा लिहून, तीही सामानातच. अंगावर किंवा हातातल्या पिशवीत एकही नको. काउंटरवरच्या माणसाने हे इतकं कंटाळून सांगितलं की मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

तेवढ्यात एक विमान उतरलं. मी कुंपणाला नाक लावून उभा. दोन पावलं मागे सरलो, मग पुन्हा कुंपणाशी गेलो. पाचव्या दिवशी आम्ही त्यात! मृदुलाला दाखवायला म्हणून तिथल्या जमिनीवरचं एक गवताचं फूल खिशात घालून आणलं. ती म्हणाली, "हे आपल्या गटारापाशीही येतं." येतं. पण ते विमानतळावरचं नाही.

पेटी कंपनीच्या काट्यावर वजन करून घेतली. सयाजी म्हणाला, "पेटीचं झालं. तुमचं काय अनंतराव? भ्याला न्हाई न्हवं?" मी म्हणालो, चौसष्टमध्ये माझ्याइतकं बिनधास्त क्लबात कोण होतं? "चौसष्टला व्हता," तो म्हणाला, आणि पेटी काट्यावरून उतरवली.

१० ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी

कारखान्यात पूजा करून आलो. लेथला झेंडूच्या माळा, मोजमापाच्या गेजांना कुंकू. घरी पाटावर रायफल, बोल्ट, माझा मायक्रोमीटर, मृदुलाची विळी आणि नीलिमाची कंपासपेटी. काडतुसं मोजून डब्यात भरली, आणि दोनशेपैकी एक काढून देवापुढे ठेवलं. त्याला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मृदुला म्हणाली, "तेवढं आत्ताच उचलून डब्यात टाका, उद्या गडबडीत राहील." मी म्हणालो, पुजलेलं हलवायचं नाही म्हणजे नाही. उद्या पूजा झाली की देवापुढचं सगळं नीट बांधून दे.

सकाळपासून मला ताप आल्यासारखं वाटतंय. दोनदा थर्मामीटर लावला. साडेअठ्ठ्याण्णवच्या वर जाईना. खरं लिहितो, जावा असं वाटत होतं. बाप म्हणून लाज वाटायला हवी. वाटतेच आहे.

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा. सकाळी साडेसहा

झाली तयारी! पूजा झाली, रायफल पेटीत, बोल्ट कप्प्यात, कुलूप लावलं. ताप नाही. उलट अंगात वारं भरल्यासारखं झालंय, मी दोनदा उगाच जिना उतरून चढून आलो. सयाजी गाडी घेऊन खाली उभा आहे, मृदुलाही पोचवायला येणार.

देवापुढचं काडतूस डब्यात टाकायचं राहू नये म्हणून मृदुलाला हाक मारली. ती पोळ्या करता करता म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसं देवापुढचं सगळं बांधून ठेवलंय हो." छान. काम झालं. मग तिने लाल कापडाची पुरचुंडी हातात दिली. अक्षता, कुंकू, आपट्याची पानं. मी ती शर्टाच्या आतल्या खिशात, अगदी छातीशी ठेवली. आत काहीतरी टोचतंय, सुपारीचं खांड असावं. देवाचं म्हटल्यावर मृदुला हात आखडता घेत नाही.

निघतो. दिल्लीहून लिहीन.

त्याच दिवशी, दुपारी चार. घरी

हो, घरीच.

सगळं क्रमाने लिहितो. काउंटरवर रायफल जाहीर केली, परवाना दाखवला. फॉर्मवर काडतुसांचा आकडा लिहायचा होता. काउंटरवरचा म्हणाला, "दोनशे लिहा आणि सही करा." मी म्हणालो, मोजल्याशिवाय सही करत नाही. रांगेतले लोक चुळबुळायला लागले. नीलिमा म्हणाली, "बाबा, मोजा. पण लवकर." मोजली. एकशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजली, एकशे नव्व्याण्णव. काउंटरवरचा म्हणाला, मग एकशे नव्व्याण्णव लिहा, आमचं काही म्हणणं नाही. लिहिलं, सही केली. पेटी आणि डबे चिठ्ठी लावून आत गेले. मृदुला बाहेर होती, तिला विचारता येईना. मला वाटलं, देवापुढचं डब्यात टाकताना मृदुलाच्या हातून पडलं असेल कुठे पाटाखाली.

मग अंगझडती. हवालदाराने माझ्या छातीवरून हात फिरवला आणि थांबला. पुरचुंडी सोडली. अक्षता, पानं, आणि मधे कुंकवाने माखलेलं काडतूस.

"ह्ये काय साहेब?"

मी म्हणालो, देवापुढचं आहे, काल पुजलेलं. इन्स्पेक्टरांना बोलावलं. ते मराठी निघाले. काडतूस बोटांत फिरवत म्हणाले, "काल आम्हीसुद्धा ठाण्यात बंदुका पुजल्या, लिमयेसाहेब. पण पुजलेली गोळी खिशात घालून विमानात चढत नाही कुणी. तुम्ही एकशे नव्व्याण्णव लिहून सही केलीत आणि दोनशेवी अंगावर. आता मला जबाब घ्यायलाच लागणार. तुम्ही आज जात नाही."

विमानाला वीस मिनिटं होती. मी म्हणालो, मुलीला जाऊ द्या. ते म्हणाले, "मुलगी जाईल. पण परवानेदार नाही तर रायफल खाली उतरवावी लागेल."

त्या क्षणी मला काय वाटलं ते इथे लिहून ठेवायलाच हवं, कारण दुसरीकडे कुठे मी ते सांगणार नाही. आधी वाटलं, सुटलो. मग नीलिमाकडे बघितलं आणि वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. दोनशे काडतुसं, चार महिने, सयाजीची पेटी, सगळं माझ्या रीतीपायी आणि माझ्या खिशापायी.

नीलिमा रडली नाही. तिने पिशवीतून एक निळं पुस्तक काढलं आणि इन्स्पेक्टरांसमोर धरलं. "सर, परवानेदार मीपण आहे."

तिचा परवाना. तिचा फोटो, तिचं नाव, आणि तीच रायफल, तोच नंबर. वडिलांच्या संमतीपत्राची नक्कल जोडलेली, खाली माझी सही. अकरा जूनची. इन्स्पेक्टरांनी पान न् पान उलटून बघितलं. नंबर जुळवला. मग परवान्याच्या चौकशीला आलेले ते तपकिरी बूटवाले गृहस्थ मला आठवले आणि मी बाकावर बसलो.

"कधी केलंस हे?" मी विचारलं.

"सयाजीकाकांनी फॉर्म आणून दिला. आईला माहीत होतं."

"पण का? मी येणारच होतो ना?"

ती माझ्याशेजारी वाकून बसली. अगदी हळू म्हणाली, "बाबा, सहासष्ट सालीही तुम्ही जाणारच होतात. रजा मंजूर झाली होती ना? काका म्हणाले. ते स्टेशनवर थांबले होते तुमच्यासाठी, गाडी सुटेपर्यंत. मला तुमचा राग नाही आला. फक्त वाटलं, आपली तयारी असावी."

इन्स्पेक्टरांनी पुस्तक तिला परत दिलं. "रायफल जाईल," म्हणाले. हवालदार पुरचुंडी परत बांधायला लागला, काडतूस बाजूला ठेवून. नीलिमाने त्यातलं आपट्याचं एक पान उचललं, माझ्या हातावर ठेवलं आणि तिथे, सगळ्यांदेखत, वाकून नमस्कार केला. "सोनं घ्या बाबा."

मी म्हणालो, "श्वास सोडून मग चाप ओढ. घाई करू नकोस." तिला हे मी शिकवलेलंच नाही, ते तिचं तिलाच येतं. पण दुसरं काही सुचलं नाही.

जबाबाच्या खोलीला खिडकी होती. विमान धावायला लागलं तसा मी उठून उभा राहिलो, आणि लिहिणारा हवालदारही माझ्याबरोबर उठला. विमान वर गेलं. मी मोठ्याने टाळी वाजवली. हवालदार म्हणाला, "पोरगी जोरात हाय साहेब." मग त्याने विचारलं, व्यवसाय काय लिहू? मी म्हणालो, तपासणी.

दुपारी समज देऊन सोडलं. काडतूस ठेवून घेतलं. मृदुला आणि सयाजी बाहेर तसेच उभे होते. मृदुला म्हणाली, "अहो, मी बांधून दिलं, तुम्हाला वाटलं तरी काय मी कुठे ठेवलं?" मी म्हणालो, चूक माझी. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं असावं. आपट्याचं पान अर्धं तोडून सयाजीच्या हातावर ठेवलं. त्याने ते टोपीत खोचलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

तार! पोस्टमन फाटकातून शिरायच्या आधीच मी रस्त्यावर. "५८६. पाचवी. शिबिरात निवड. नीलिमा."

पाचवी! पाचशे शहाऐंशी! मी तार घेऊन चिंचवड स्टेशनापर्यंत नुसता चालत गेलो आणि परत आलो. भेटेल त्याला दाखवली. एका भाजीवाल्या मावशींना वाचता येत नव्हतं, त्यांना वाचून दाखवली. नानासाहेबांनी भोंग्याआधी लाउडस्पीकरवर जाहीर केलं. टूलरूममध्ये सयाजीने लेथ थांबवून सगळ्यांना गूळ वाटला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

नीलिमा गाडीने परत आली. एकटीच, खांद्यावर पेटी. पुणे स्टेशनात मी ती पेटी घ्यायला हात पुढे केला, मग थांबलो. परवाना तिच्याजवळ. तिने हसून पेटी माझ्याकडे दिली. "धरा हो बाबा, मी आहे ना बरोबर."

जेवताना विमानाचं सगळं सांगत होती. ढग वरून दिसतात म्हणे. मी विचारलं, माझ्या जागेवर कोण बसलं? ती म्हणाली, "कुणी नाही. मी खिडकीशी बसले, आणि तुमच्या खुर्चीचा पट्टा बांधून ठेवला. विमानातली ती बाई विचारत होती, का म्हणून. मी सांगितलं, बाबांची जागा आहे."

मी पानावरून उठलो, पाणी प्यायचं निमित्त करून. परत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, मृदुला होती, सयाजी होता. सहासष्ट साली रजा मिळाली होती. मी भ्यालो होतो. शंभर माणसं बघत असताना नेम चुकला तर, एवढंच. घरून निघालो आणि चिंचवडच्या पुलावरून परत फिरलो. सयाजी म्हणाला, "ठाव हाय की. मी सहाव्या फलाटावर बारा वाजेस्तोवर उभा व्हतो." मग म्हणाला, "आमटी वाढा वैनी." आणि सगळे जेवायला लागले.

रायफल माझ्या परवान्यावरून उतरवून फक्त तिच्या नावावर ठेवायचा अर्ज नीलिमाकडूनच मागून घेतला. उद्या कचेरीत जाऊन देणार. चार प्रती आहेत. चारही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्या आणि सही केली.